आईची हनुवटी

“हनुवटी चुकली,” बाबा म्हणाले. “आईची हनुवटी इतकी टोकदार नव्हती. गोल कर.”

लेकीनं खोडरबर उचललं, पण खोडलं नाही. “मला टोकदारच आठवते.”

“तू पाच वर्षांची होतीस गं. मी तिच्याबरोबर संसार केलाय.”

तिनं हनुवटी गोल केली. मग बाबांच्या सांगण्यावरून नाक जरा बसकं केलं, भुवईवरची खूण पुसून टाकली. शेवटी कागदावर एक बरी दिसणारी, अनोळखी बाई उरली.

सुट्टीची सकाळ त्या घरात चित्रांची असे. टेबलावर जुनी चादर पसरायची, पाण्याचे पेले भरायचे आणि बाबा, ती आणि तिचा धाकटा भाऊ अशा तिघांनी बसायचं. बाबा फ्रेमच्या दुकानात कामाला होते. आठवडाभर लोकांची चित्रं काचेखाली घालायची आणि सुट्टीला स्वतःची रंगवायची, हा त्यांचा नेम. धाकट्याचा निळा रंग कोपरापर्यंत पोचलेला असे. “कागदालाही थोडा लाव रे,” बाबा म्हणायचे.

मोठीच्या हातात मात्र कला होती. बाबांनी तिला झाडं शिकवली, पाणी शिकवलं, ढग शिकवले. माणसं नकोत म्हणायचे. “माणसं हलतात. झाड बिचारं गप्प उभं राहतं.”

तिला माणसंच काढायची असत, त्यातही आई. घरात आईचा एकही फोटो नव्हता. आई आजारात गेली आणि पुढे घरं बदलता बदलता फोटोही गेले, असं बाबा सांगत. घरं खरंच बरीच बदलली होती. आई गेली तेव्हा धाकटा तान्हा होता. त्याला काहीच आठवत नव्हतं.

शाळेच्या प्रदर्शनासाठी चित्रकलेच्या बाईंनी चित्रं मागवली. एका दुपारी, बाबा कामावर असताना, मोठीनं कोरा कागद पुढ्यात घेतला. या वेळी कुणाला काही विचारलं नाही. हनुवटी टोकदार. नाक सरळ. भुवईला मधोमध छेदणारी बारीक रेघ. हात कुठेच अडला नाही.

“ही आपली आई?” धाकट्यानं विचारलं.

“हो.”

तो कागदावर वाकला. “रागावलीय का?”

“नाही रे. हसायच्या आधी ती अशीच दिसायची.”

बाबांना कळलं ते दुकानात. मालकानं पेपर पुढे केला. “कालचा आहे, तुमच्यासाठी राखून ठेवला. पोरीनं नाव काढलं की हो! पहिलं बक्षीस!” बातमी चार ओळींची होती, चित्र मात्र चांगलं मोठं छापलं होतं. बाबांनी पेपरची घडी घातली. बरं वाटत नाही म्हणाले आणि सरळ शाळा गाठली.

“या, या! अभिनंदन!” बाई दारातच भेटल्या. “त्या चित्रापुढे माणसं थबकतात हो.”

“मला ते घरी न्यायचंय.”

“पण प्रदर्शन अजून आठवडाभर आहे.”

“तिच्या आईचं चित्र आहे, बाई.” बाबांचा आवाज खाली आला. “गेलेल्या माणसाचं असं चारचौघांत लावलेलं... आम्हाला सोसत नाही.”

बाईंना भरून आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं चित्र भिंतीवरून उतरवलं. बाबांनी ते गुंडाळलं. दोरा न बांधताच बगलेत मारलं.

“मुलांनाही आत्ताच घेऊन जातो,” ते म्हणाले. “जरा बाहेरगावी जायचंय.”

“परत कधी?”

“बघू.”

“मोठीला वर्गातून बोलावते. धाकटा खाली मैदानावर असेल.”

तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली. धाकटाच धापा टाकत वर आला. गुडघ्यांना माती, शर्ट चुरगळलेला.

“बाबा, ताईच्या चित्रातली बाई खाली आलीय! खरीखुरी! मला घट्ट धरून नुसती रडतेय. आणि पोलीसकाकांनी विचारलं, बाबा कुठे आहेत? मी म्हटलं, चला, दाखवतो.”