पाचवी पायरी

"पाचवी पायरी म्हणजे चेष्टा नाही हं, ताई," खुर्ची पुढे ओढत परीक्षक म्हणाला. सरकारी कार्यालयांचा कारभार संगणकावर कितपत रुळलाय हे तपासायचं आणि त्यांना पायरी द्यायची, हे त्याचं काम. आज जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची पाळी होती.

"जरा समजावून सांगा की साहेब," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "आम्ही पडलो अडाणी."

समजावून सांगायची त्याला भारी हौस. "पहिली पायरी म्हणजे कागद गेले, संगणक आला. पाचवी म्हणजे इथे कळ दाबली की सगळ्या खात्यांना आपोआप कळलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, एकदा झालेली नोंद कुणाला हातानं फिरवता येता कामा नये. मग मोठ्या साहेबाचा मेहुणा का येईना!"

"नाही येत फिरवता. महिनाभर चौकशी चालते, मगच दुरुस्ती."

"शाब्बास!" त्यानं पैकीच्या पैकी गुण टाकले.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. "अण्णांना म्हणावं, घाबरू नका. सकाळी येतोच मी." फोन ठेवून तो म्हणाला, "वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. सरकारी रुग्णालयात. वर्षभर ताटकळलो, तेव्हा कुठे उद्याचा पहिला नंबर लागला."

"माझी लेकही तिथेच आहे, साहेब. वाट बघणाऱ्यांत सगळ्यांत वर. कुणाचं रद्द झालं तरच घेतील. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाही काढायची ती."

"लागेल हो नंबर. धीर धरा," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "चला, एक नोंद करून दाखवा. जन्माची करू या?"

"जन्माची दोन-तीन खात्यांतच जाते. मृत्यूची सगळीकडे जाते."

"मग मृत्यूचीच! पण हे सरावापुरतंच ना? खरी नोंद नाही ना होणार?"

"सरावाचंच आहे. ओळख क्रमांक मात्र खरा लागतो. एखादा पाठ आहे?"

"अण्णांचा आहे. त्यांचे सगळे अर्ज मीच तर भरतो."

बाईंचा हात थबकला. "वडिलांचा नको हो. आपल्याच हातानं असलं काही..."

"तुम्हीपण ना, ताई! असल्या समजुतींमुळेच कार्यालयं मागे राहतात. सरका बघू." त्यानं कळफलक स्वतःकडे ओढला आणि खडाखड क्रमांक टाकला.

"खबर देणाऱ्याचा अंगठा लागतो," बाई हळूच म्हणाल्या.

त्यानं यंत्रावर अंगठा टेकवला.

पडद्यावर भराभर हिरव्या खुणा उमटल्या. निवृत्तीवेतन बंद. बँक खातं गोठवलं. मतदार यादीतून नाव कमी. रुग्णालयातली जागा मोकळी, पुढच्या रुग्णाला कळवलं.

"वा! एका दमात सगळीकडे!" परीक्षक लहान मुलासारखा खूश झाला. "मिळवलीत हं पाचवी पायरी. मोठ्या साहेबांना पेढे मागा." बॅग उचलता उचलता तो म्हणाला, "आता तेवढं पुसून टाका."

बाईंचं लक्ष नव्हतं. पर्समध्ये फोन वाजला होता. तो काढून त्यांनी निरोप वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि पदरानं डोळे टिपले.

"लेकीचा नंबर लागला, साहेब," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी, पहिलाच."