घराची पाहणी

मिरकरवाड्यातल्या धाकूच्या मालवाहू मचव्याची डोलकाठी मोडली. मचवा घेताना घर आधीच नानाशेटांकडे गहाण पडलेलं. आता नवी काठी उभी राहिली नाही तर मचवा किनाऱ्यावरच कुजणार, मग व्याज तरी कुठून भरायचं? पण मंदी आल्यापासून सावकार फुंकून ताक पिऊ लागले होते. "त्याच घरावर दुसरं कर्ज हवं, तर घर कसं चाललंय ते आधी डोळ्यांनी बघेन," नानाशेट म्हणाले.

धाकूच्या सगुणेने वाडीभर हिंडून तांब्याचे हंडे, चांदीचा तांब्या आणि जावेच्या पाटल्या मागून आणल्या. गोठ्यात चुलतदिराची दुभती गाय बांधली.

"तिला तेवढं आपलं घर ओळखायला शिकव," धाकू म्हणाला, "नायतर शेटांसमोर हंबरत सुटेल."

गाय हंबरली नाही. नानाशेट सुरमई-भात पोटभर जेवले, विडा तोंडात घातला, घर-गोठा निरखून प्रसन्न झाले.

"धाकू, लोक उगाच म्हणतात तू बुडालास. एवढं भरलं घर असताना दुसरं कर्ज कशाला रे? दसऱ्याच्या आत पहिलंच फेडून टाक."