संत्र्याची फोड

"ती कुठे बघतेय?" बाबांनी विचारलं.

भिंतीवरच्या पडद्यावर आई संत्रं सोलत होती. शेजारी झालरीच्या फ्रॉकमधली मुलगी तळहात पसरून बसलेली. तीच मुलगी आता मोठी होऊन रिमोट हातात घेऊन बाबांशेजारी बसली होती.

"कॅमेऱ्याकडे," ती घाईनं म्हणाली. "बघते."

"बघते?" बाबा हसले. त्यांचे डोळे गेले होते, कान मात्र तिखट होते. "ठमे, आम्हा आंधळ्यांना इंग्रजी सिनेमे सांगणं हा तुझा धंदा. तिथं नटीची पापणी हलली तरी मोजून-मापून शब्द देतेस. आणि घरच्या माणसाला नुसतं 'बघते'?"

दोन संवादांच्या फटीत एकच शब्द मावतो, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं. 'ग्लान्स' म्हणजे चिमणीनं दाणा टिपला नि उडाली. 'गेझ' म्हणजे नजर जडली, आता तिचा पाय निघेना.

"गेझ आहे ना?" बाबांनी हळूच विचारलं.

ही चित्रफीत, डोळे शाबूत होते तेव्हा, त्यांनीच काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरातून निघून गेली, ती परतलीच नाही. तेव्हापासून बाबा आल्यागेल्याला एकच सांगत : जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे डोळे भरून बघत होती हो!

पडद्यावर आईचा हात एकेक फोड मुलीच्या तळहातावर ठेवत होता. एक फोड खाली पडली. आईला कळलंसुद्धा नाही.

"स्टेअर," ती म्हणाली. आवाज कामावरचा, कोरडा. "डोळे खिळलेत. पापणी लवत नाही. दाराकडे."

"दारात कोण आहे?"

"कुणी नाही, बाबा."

"आणि माझ्याकडे?"

तिनं रिमोट या हातातून त्या हातात घेतला. बाबांना तेही ऐकू आलं.

"चित्र थांबव."

तिनं थांबवलं.

"दार कुठल्या अंगाला?"

"डावीकडे."

बाबा उठले. भिंत चाचपत, खुर्ची ओढत पडद्याच्या डाव्या कडेला गेले. बसले. केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आता?"

ती उठली. दोन्ही हातांनी तिनं खुर्ची वीतभर पुढे सरकवली आणि आईच्या डोळ्यांकडे वळून पाहिलं.

"आता तुमच्याकडे."

"मग सुरू करू नकोस," बाबा म्हणाले. "जरा राहू दे तिला."