त्यांच्यात चालत नाही

तात्यासाहेबांनी नव्या ट्रॅक्टरची किल्ली नूरमोहम्मदच्या हातावर ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "झालं. आता सुखानं घेऊन जा."

नूरमोहम्मद हलला नाही. किल्ली मुठीत धरून तिथंच उभा राहिला. त्याच्यामागं त्याची बायको शमशाद, नवी कोरी साडी नेसलेली. तिच्या पलीकडं इब्राहीमभाई, म्हणजे त्यांचे होणारे व्याही. मुलीची सोयरीक नुकतीच ठरली होती. पैठणकडच्या गावाहून व्याह्यांना एसटीत बसवून मुद्दाम आणलं होतं. शहरात आपल्याला काय मान आहे, तो त्यांनी डोळ्यांनी बघावा, असं नूरमोहम्मदनं मघाशी चहा पिताना तात्यासाहेबांना हसत हसत सांगितलंही होतं.

उस्मानपुऱ्यातल्या या दुकानाची एक रीत होती आणि तिचा डंका खुद्द तात्यासाहेबच पिटायचे. ट्रॅक्टर न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाची बायको मशीनला कुंकू लावायची, नारळ फुटायचा, पेढे वाटले जायचे. मग तात्यासाहेब गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून स्वतःच्या हातानं केशरी फेटा बांधायचे आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या वडिलांनी लोखंडी नांगर विकायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ही शिकवण. गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा. पुढं जायकवाडीचं पाणी कालव्यात आलं, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आले, पण फेटा राहिला. भिंत फोटोंनी भरून गेली होती. त्यात पाटील होते, मास्तर होते, उसावर वर आलेले नवे बागायतदार होते. मुसलमान एकही नव्हता, कारण ट्रॅक्टरसाठी तसं गिऱ्हाईक अजून आलंच नव्हतं.

सकाळी त्यांच्या पत्नीनं, आशाबाईंनी, नेहमीसारखं आरतीचं ताट घासायला काढलं, तेव्हा तात्यासाहेबांनीच त्यांना थांबवलं. आज नको म्हणाले, त्यांच्यात चालत नाही. तुम्ही विचारलंत का त्यांना, असं आशाबाईंनी विचारलं. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात, असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

माणूस न विचारताच दुसऱ्याला समजून घ्यायला लागला, की खुशाल समजावं, गडी स्वतःची सोय बघतोय. कुंकवाचं काय करायचं, नारळ कुणी फोडायचा, बाजारातले लोक काय म्हणतील, हे सगळे प्रश्न तात्यासाहेबांनी एका फटक्यात मिटवले होते. वर मन मोठं केल्याचं समाधान. कुंकू गेलं, नारळ गेला, त्यांच्या पाठोपाठ पेढे गेले आणि फेटाही गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. फोटोवाल्यालाही त्यांनी येऊ नको म्हणून निरोप धाडला होता.

आणि आता नूरमोहम्मद हलत नव्हता.

चालवता येत नसेल, असं वाटून तात्यासाहेबांनी दुकानातल्या सांडू मिस्त्रीला गिअर दाखवायला सांगितलं. नूरमोहम्मद म्हणाला, मला येतंय. कागद बघायचे असतील म्हणून त्यांनी पाकीट उघडून दाखवलं. कागद सगळे होते. शेवटी दुकानात उठता-बसता म्हणायचं ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"काही राहिलं का?"

नूरमोहम्मदनं भिंतीवरच्या फोटोंकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहिलं.

"नाय. काय नाय."

इब्राहीमभाई मात्र कधीचे ते फोटोच बघत हिंडत होते. शेवटच्या फोटोपाशी ते थांबले. स्वतःच्या डोक्यावरचा पांढरा फेटा सारखा करत त्यांनी नूरमोहम्मदला विचारलं, "सबकू फेटा बांधे दिखते. तुमकू नहीं बांधे?"

तात्यासाहेब त्या पांढऱ्या फेट्याकडं बघतच राहिले. सकाळपासून तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. या फेटेवाल्याला त्यांनी खुर्ची दिली होती, चहा दिला होता, गावाकडची खुशाली विचारली होती.

"बांध रहे थे," नूरमोहम्मद इब्राहीमभाईंना म्हणाला. "मैंच नक्को बोला. अपने में नहीं चलता ना."

शमशादनं तोंड फिरवलं. इब्राहीमभाईंनी एकदा नूरमोहम्मदकडं बघितलं, एकदा तात्यासाहेबांकडं, आणि पुढं काही न विचारता ते बाहेर जाऊन उभे राहिले.

तात्यासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. ज्याचा मान आपण चुकवला, तोच आपली अब्रू झाकत होता, आणि तीही आपल्याच शब्दांनी. ते धावत आत गेले, कपाट उघडलं आणि केशरी फेट्याची घडी मोडतच बाहेर आले. चुकलो, एवढंच कसंबसं बोलले. खुर्ची पुढं ओढली, बसा म्हणाले. लाजेनं त्यांना मान वर करवत नव्हती.

नूरमोहम्मदनं खिशातून आपली टोपी काढली. सकाळी घरून निघताना घातलेली ती टोपी फेट्याला जागा म्हणून त्यानं दुकानाच्या दारातच काढून खिशात ठेवली होती, हे तात्यासाहेबांना आत्ता कळलं. त्यानं ती झटकली आणि डोक्यावर नीट बसवली.

"ऱ्हाऊ द्या, तात्यासाहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "आता बांधला तर मागून घेतल्यावानी व्हईल."