वगळलेला भाग

सुनंदानं पदर तोंडात कोंबला तेव्हा पहिला हुंदका बाहेर पडून गेला होता.

"आवाज नको," आप्पा म्हणाले. "मार्तंड वाचतोय."

माडीवर तो पहाटेचं वाचत होता. रोमन कायद्यातला वारसाहक्क इंग्रजीतून मोठ्यानं घोकत होता. खाली, मागच्या खोलीत, आईचे डोळे उघडेच राहिले होते. आप्पांनी ते मिटले, हात धोतराला पुसले आणि उठून पुढच्या दाराला कडी घातली. दुपारी बेळगाव स्टेशनवरून पुण्याची गाडी होती. तिथून मार्तंडला दिल्लीला जायचं होतं, आय. सी. एस. च्या परीक्षेला.

शेजारच्या नागुबाईनं तेवढा एक हुंदका ऐकला होता. ती परसदारानं आत आली, आईकडे पाहिलं आणि छाती बडवायला हात उचलला. आप्पांनी तो हात वरच्या वर धरला.

"पोरगा गाडीत बसेपर्यंत कळायचं नाही."

"असं कुठं असतंय व्हय ओ, आप्पा? तोंड तरी बघू द्या की आईचं!"

"बघितलं तर जाईल का तो?"

नागुबाईनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "न्हाय जायचा."

"मग? वयाचं हे शेवटचं वर्ष आहे त्याचं. पुढच्या वर्षी बसूच देत नाहीत."

"आन् अग्नी?"

"मी देईन. तिला आता कसली घाई?"

"पोरगा सायेब झाला की मग सांगनार व्हय त्याला?" नागुबाईनं विचारलं. ती आईच्या उशाशी बसून राहिली, तोंडावर हात घट्ट दाबून.

आप्पा शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. परीक्षेला काय वाचायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. कॉलेजातले प्रोफेसर, क्लबातले वकील, एक पेन्शनर डेप्युटी कलेक्टर, सगळ्यांना त्यांनी विचारून घेतलं होतं. संस्कृत घ्यायचं, इंग्लंडचा इतिहास घ्यायचा, रोमन कायदा घ्यायचा. गणित वगळायचं. नाटकं वगळली, क्रिकेट वगळलं, संकेश्वरच्या मावशीकडचं लग्न वगळलं. दिवाळीनंतर आईचा आजारही वगळला. "बारीक ताप आहे," एवढंच वर सांगायचं होतं. सुनंदा सासरहून आईच्या सेवेला आली, तेव्हा तिलाही त्यांनी उंबऱ्यावरच बजावलं होतं : "परीक्षेला जे लागत नाही, ते त्याला सांगायचं नाही."

आई भिंतीला कान लावून पडायची. वरून येणाऱ्या इंग्रजीतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. "आज घसा बसलाय गं त्याचा," म्हणायची. "दुधात हळद घालून दे."

"चूल पेटव," आप्पा म्हणाले.

सुनंदा त्यांच्याकडे पाहतच राहिली. घरात माणूस झाकून ठेवलेलं असताना चूल कोण पेटवतं?

"धूर दिसला नाही तर त्याला कळेल. प्रवासाला दशम्या कर. आणि आधी ते लुगडं आण."

सुवासिनीला नेताना नेसवायचं हिरवं लुगडं आईनं स्वतःच काढून ठेवलं होतं. ते माडीवरच्या पेटीत होतं, मार्तंडच्या टेबलाखाली. सुनंदा तोंड धुऊन वर गेली. टेबलापाशी वाकली. त्यानं पुस्तकातून डोळे न काढता दोन्ही पाय वर उचलून धरले. तिनं पेटी ओढली, लुगडं काढलं, पदराखाली घेतलं. हिरवा काठ बाहेर राहिला. वाचता वाचता मार्तंडनं एक ओळ दोनदा वाचली. मग पुढची ओळ घेतली.

दशम्या भाजून झाल्या तेव्हा टांगा आला. मार्तंड कोट घालून खाली उतरला. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं.

"आईला आत्ताच डोळा लागलाय," आप्पा म्हणाले. "झोपमोड नको."

"बरं."

तो देवघराकडे वळला. या घरातून कुणी देवाला नमस्कार केल्याशिवाय प्रवासाला निघत नसे. आप्पांनी सगळ्याचा विचार केला होता, देवांचा राहून गेला होता. रोज पहाटे पूजा करणाऱ्या माणसानं आज देव्हाऱ्याकडे फिरकूनही पाहिलं नव्हतं. सुतकात पूजा करायची नाही, म्हणून पाय आपोआप तिकडे गेले नसतील. देवांवर कालची जास्वंद होती, काळी पडून गोळा झालेली. समईत वात नव्हती.

मार्तंडचे हात छातीपर्यंत आले होते. ते तिथंच थांबले. तो क्षणभर त्या फुलांकडे पाहत राहिला. मग त्यानं हात खाली घेतले. सुतकात नमस्कारही करायचा नसतो, हे त्या घरात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

तो आप्पांच्याही पाया पडला नाही. "येतो," म्हणाला आणि बाहेर पडला.

"गडबडीत विसरला," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं.

सुनंदा दशम्यांचं गाठोडं आणि त्याची ट्रंक घेऊन टांग्यापाशी गेली. मार्तंड आत बसला होता. तिचे ओठ हलायला लागले.

"मार्तंडा, आई..."

त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "परीक्षेला लागत नाही ते आत्ता नको."

त्यानं मांडीवरचं पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली. टांगेवाल्यानं लगाम हातात घेतला. सुनंदानं ट्रंक आत सरकवली, आणि मार्तंडनं पुस्तकातून डोळे न काढता दोन्ही पाय वर उचलून धरले.