उजव्या पायाचा गिअर

पावणेपाच वाजता कृष्णात पाटील बुलेट घेऊन गेटबाहेर पडले. गाडीची पूजा अर्धीच झाली होती. चाकाखालचं लिंबू चिरडायचं आणि थांबायचं, एवढंच ठरलं होतं. लिंबू चिरडलं. ते थांबले नाहीत.

"अवो, नारळ फोडायचाय अजून," हातात आरतीचं ताट धरून त्यांच्या पत्नी चिमणाबाई म्हणाल्या. गाडीच्या माळेतला एक झेंडू तेवढा अंगणात गळून पडला होता.

त्यांची लेक निशिगंधा मेकॅनिककडे बघत होती. मेकॅनिक फक्रुद्दीन जमिनीकडे बघत होते.

"चाचा, गिअरात कुणी टाकली?"

"मीच की. तूच म्हणालीस, आबांचा पाय गिअरला लागू देऊ नको. म्हणून पहिल्यात टाकून दिली. म्हटलं, नुसता क्लच सोडा आन लिंबावर चढवा. मला काय म्हाईत, क्लच सोडतील ते थेट पळवतीलच."

बुलेट नऊ वर्षं गोठ्यात उभी होती. ती दुरुस्तीला देताना आबांनी लेकीला एकच अट घातली होती, गाडी हाय तशी उभी करायची. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पण गिअरबॉक्सचे दात झडले होते आणि तसा दुसरा मिळेना. फक्रुद्दीननी उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये नव्या पद्धतीचा बसवला. आता गिअर डावीकडे आला आणि ब्रेक उजवीकडे, रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांसारखा. आधी सांगितलं असतं तर "मग ती माझी गाडी न्हवंच" म्हणून आबांनी पाठ फिरवली असती. पेढा तोंडात पडला की सांगायचं, असं निशिगंधानं ठरवलं होतं.

टेम्पोतून गाडी उतरली तेव्हा आबांनी टाकीवरून हात फिरवला, हॉर्न वाजवून बघितला. पायाखाली त्यांनी पाहिलंच नाही. साखर कारखान्याच्या ऊसनोंदीसाठी तीस वर्षं हीच गाडी शिवाराशिवारातून हिंडवली, तिथं बघायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

गल्लीच्या टोकाकडून आवाज येत होता. गाडी पहिल्यातच होती आणि इंजिन किंचाळत होतं.

"दुसरा टाका की आबा," निशिगंधा पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं. दुसरा टाकायला ते उजवा पाय दाबणार, आणि त्या पायाखाली आता ब्रेक होता.

टायर करकरलं. आवाज एकदम बसला. चिमणाबाईंनी ताट पायरीवर ठेवलं. मग परत धकधक सुरू झाली, घुटमळली, आणि जरा संथ होऊन पुढं गेली.

फक्रुद्दीननी बोट वर केलं. "दुसरा पडला. कळलं त्यास्नी."

"कळलं ना? मग येतील परत."

"डोक्याला कळलं गं. पायाला कुठं? समोर काय आडवं आलं की डावाच पाय दाबणार ते. तीस वर्षांची खोड हाय."

"हाताचा ब्रेक आहे की."

"हाताच्या ब्रेकनं ती म्हस थांबती व्हय?"

"फोन लावा की त्यास्नी," चिमणाबाई म्हणाल्या. निशिगंधानं लावला. आबांचा फोन घरातच टीव्हीजवळ वाजला.

निशिगंधानं स्कूटर काढली. फक्रुद्दीन न विचारता मागं बसले.

गल्लीच्या तोंडाला डांबरावर टायरचा काळा पट्टा उठला होता, हातभर लांब. तिथून डावीकडं वळलं तर घराचा मागचा रस्ता, उजवीकडं कारखाना. मातीतली खूण उजवीकडं गेली होती. हंगाम चालू होता. त्या रस्त्याला दिवसभर उसाच्या ट्रॉल्या असतात.

कारखान्याच्या अलीकडं ज्ञानूचा चहाचा गाडा होता. निशिगंधानं स्कूटर बंदही केली नाही.

"आबा गेले का इकडनं?"

"आत्ताच की. काय चकाचक केलीय गाडी. मी हात केला, म्हटलं थांबा, च्या घ्या. थांबलं न्हाईत." ज्ञानूनं गाळणी आपटली. "थांबायचं नव्हतं का थांबाय येत नव्हतं, काय कळलं न्हाय बघ."

"म्हणजे?"

"दोन्ही पाय खाली सोडलं हुतं त्यांनी. लोंबकळत. सायकल शिकताना आपण सोडतो न्हवं का, तसं."

फक्रुद्दीन मागून म्हणाले, "एकाबी पायावर भरवसा न्हाय आता त्यांचा."

"घाबरले होते का?" निशिगंधानं विचारलं.

"तोंड कोण बघतंय? मी पायच बघत ऱ्हायलो."

"गेले कुठं?"

ज्ञानूनं शियेच्या पुलाकडं हनुवटी केली.

पुलाच्या अलीकडं नुकतीच ट्रॉल्यांची रांग लागली होती. उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आले होते आणि मधून स्कूटर जाईल एवढीही फट नव्हती. निशिगंधा शेवटच्या ट्रॉलीमागं थांबली. तिनं हॉर्न वाजवला, परत वाजवला, मग हँडलवरून मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला. पुढं ऊसच दिसत होता.

"गप जरा," फक्रुद्दीन म्हणाले.

रांगेपलीकडं, पुलावर कुठंतरी, ती धकधक होती. एकदा अडखळली. निशिगंधाची बोटं ब्रेकवर आवळली. मग आवाज खाली उतरला, जाड झाला, लांब पल्ल्याचा झाला.

"तिसरा," फक्रुद्दीन म्हणाले. "डाव्या पायानं टाकला बघ."

तेवढ्यात पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाणी लावली. स्पीकर एवढा मोठा होता की स्कूटरचा आरसा थरथरायला लागला. त्यापुढचं दोघांनाही काही ऐकू आलं नाही.