आते

“आते! आते!”

फिलिपिन्समधल्या त्या बाजारात शैला दचकून मागं वळली. विणलेल्या पिशव्या विकणारी मुलगी तिलाच बोलावत होती.

“इथं ताईला आते म्हणतात,” दादा म्हणाला. त्याच्या खांद्यावर लेकीची, हॉस्टेलमधून आणलेली सॅक होती. इथं डॉक्टर व्हायला आलेली ऋजुता मागच्या महिन्यात तापानं गेली. शैलाला आते म्हणणारी जगात तेवढी एकच होती.

शैलानं एक पिशवी उचलली, उलटसुलट पाहिली, भाव विचारला आणि ती खाली ठेवून चालायला लागली.

“आते! डिस्काउंट, आते!” मागून हाका सुरू झाल्या.

“घ्यायची नाही का?” दादानं विचारलं.

“घ्यायचीय रे,” शैला मागं न बघता म्हणाली. “अजून थोड्या हाका मारू दे तिला.”